बिनपाटीची खानावळ आणि पहिल्या ४६ थाळ्या

बुधवारी जाणार असाल तर साडेबाराच्या आत पोचा. बांगड्याचं तिखलं एकच टोप असतं आणि पाऊण वाजता त्या टोपाचं बूड दिसायला लागतं. त्यानंतर गेलात तर मावशी मान वर न करताच ‘आमटी आहे, अंडं आहे’ म्हणतात, आणि शेजारच्याच्या ताटातल्या तिरफळांचा वास घेत तुम्हाला मसूर खावी लागते. मी तीन बुधवार खाल्ली आहे.

जागा लोअर परळला, स्टेशनच्या पूर्वेला. ना. म. जोशी मार्ग, म्हणजे आमच्या बाबांच्या तोंडी अजूनही डिलाईल रोड. तिथून आत जाणाऱ्या एका गल्लीत चाळ पाडून उभ्या केलेल्या इमारतीच्या पायथ्याशी पाच गाळे आहेत. मोबाइल दुरुस्ती, मेडिकल, झेरॉक्स, इस्टेट एजंट आणि कडेला ही खानावळ. पाटी नाही. दुपारी बाराच्या सुमाराला बाहेर उभी माणसं दिसतील, त्यात गळ्यात कार्ड अडकवलेले आमच्यासारखे कारकून, निळ्या शर्टातले सिक्युरिटीवाले, पाठीवर चौकोनी बॅग घेतलेली डिलिव्हरीची पोरं. ती रांग हीच पाटी.

आत तीन बाकं, प्रत्येकी चार माणसं. पाचवा बसला तर कोपर शेजाऱ्याच्या सोलकढीत जातं. पंखा एक, तोही भाकऱ्या करणाऱ्या बाईच्या बाजूला वळवलेला, आणि ते योग्यच आहे. हात धुवायला बाहेर नळ आहे. तिथे साबणाची वडी जाळीच्या पिशवीत घालून नळालाच बांधलेली असते. बिल मिळत नाही. पैसे स्टीलच्या डब्यात टाकायचे, नाहीतर भिंतीवरच्या क्यूआर कोडवर. साधी थाळी ११० रुपये, मासळी असेल तर १८०. आमच्या कंपाउंडातल्या फूड कोर्टात एवढ्यात सूप येतं आणि वर ते ‘एंजॉय’ म्हणतात.

आता जेवण. थाळीत दोन तांदळाच्या भाकऱ्या किंवा तीन चपात्या, एक सुकी भाजी, एक पातळ, भात, लोणच्याची फोड आणि वाटीभर सोलकढी. सोमवारी काळ्या वाटाण्याचं सांबार. त्यातलं वाटप मावशी स्वतः भाजतात, कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत, आणि तो खमंग वास झेरॉक्सच्या दुकानात कागदांना लागलेला असतो. मंगळवार, गुरुवार शाकाहारी. गुरुवारची पालेभाजी मन लावून केलेली असते, मंगळवारी मात्र बटाटा फार. बटाट्याची भाजी, आमटीत बटाटा, एकदा तर वांग्यातही बटाटा. तोंडावर सांगून झालंय, उपयोग नाही. शुक्रवारी मांदेली, रवा न लावता नुसत्या तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकलेली, काट्यासकट खायची.

पण खरं यायचं ते बुधवारसाठी. तिखल्यात नारळ नाही. मिरची, हळद, कोकम आणि ठेचलेली तिरफळं, बस्स. पाणी इतकं बेताचं की मसाला बांगड्याच्या अंगाला चिकटून राहतो. पहिल्या घासाला जीभ तिखटाने जागी होते, दुसऱ्याला तिरफळाने किंचित बधिर होते आणि तिसऱ्यापासून तुम्ही कोणाशी बोलत नाही. भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. एक बाई थापते, दुसरी पाणी फिरवून उलटते, आणि फुगलेल्या भाकरीतली वाफ बोटाने दाबून काढायची त्यांची एक लकब आहे; त्यामुळे प्रत्येक भाकरीवर एक खळगा असतो. त्या खळग्यात तिखल्याचा रस ओतायचा.

दोष सांगतो. सोलकढी हल्ली पातळ झालीय. पूर्वी जादा भात फुकट होता, आता वीस रुपये. भात कधीकधी गिच्च होतो. आणि घाई करतात. शेवटचा घास तोंडात असतानाच पुढचा माणूस तुमच्या खांद्यामागे उभा असतो आणि मावशी ‘झालं ना दादा?’ विचारतात. आधी मला याचा राग यायचा. मग एका शनिवारी मी त्यांना हिशोब करून दिला आणि घाई कशाची आहे ते कळलं.

मी एका कंपनीत अकाउंट्सला आहे. पुलाच्या पलीकडे, सेनापती बापट मार्गाच्या बाजूला, गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर. याच पट्ट्यात बाबा साचेखात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी कायमचा आला नसेल तर काम, नाहीतर परत खोलीवर. खोली म्हणजे गावकऱ्यांचा गाळा; एका खोलीत गावातली पंचवीस-तीस माणसं, पाळीपाळीने झोपणारी, भिंतीला ट्रंका. जेवण खानावळीत, महिन्याच्या हिशोबाने. जेवणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणत नसत, ‘मेंबर’ म्हणत. पगार झाला की बाईचे पैसे. महिनाभर धान्य उधारीवर आणायचं, नड पडली की दागिना सावकाराकडे ठेवायचा, असा त्या बायकांचा धंदा. प्रेमा पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून.

मग १८ जानेवारी १९८२. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मेंबर गावी गेले. बाबाही गेले, मी तेव्हा दोन वर्षांचा होतो, गावीच.

मावशींच्या सासूबाईंची खानावळ याच जागी होती, चाळीच्या तळमजल्यावर, दहा बाय बाराच्या खोलीत. सासूबाईंकडे पन्नास मेंबर होते, संपानंतर सात उरले. मावशी लग्न होऊन आल्या ते या सातांचं रांधायला. पुढे पोस्टातले, बेस्टचे कंडक्टर, आणि २००० नंतर हळूहळू ऑफिसवाले आले. म्हणजे आम्ही.

आता भाड्याचं. त्या चाळीत मावशींच्या शेजारची खोली एका किराणावाल्याची होती. तेवढीच, दहा बाय बारा. तो तांदूळ विकायचा, सासूबाई तोच तांदूळ शिजवून विकायच्या. फरक एवढाच, की त्याच्या भाडेपावतीवर ‘दुकान’ लिहिलं होतं आणि हिच्या पावतीवर ‘राहणे’. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, मावशींना ठाऊक नाही. सासूबाईंच्या लग्नाच्याही आधीची पावती. चाळ पाडली, सात वर्षं सगळी बाहेर भाड्याने राहिली, इमारत उठली. ‘दुकान’वाल्याला रस्त्याला तोंड असलेला गाळा मिळाला, ‘राहणे’वालीला चौदाव्या मजल्यावर तीनशे चौरस फुटांचं घर. दोन्ही फुकट, दोन्ही नियमाप्रमाणे. तक्रारीला जागाच नाही. फक्त चौदाव्या मजल्यावर खानावळ चालत नाही. गेटवर रजिस्टर, लिफ्टला कार्ड, मोठे सिलिंडर वर नेता येत नाहीत, आणि दुपारी शंभर अनोळखी माणसं वर जाणार म्हटल्यावर सोसायटीने नाही म्हटलं. मीही त्या सोसायटीत असतो तर नाहीच म्हटलं असतं.

म्हणून मावशींनी किराणावाल्याचाच गाळा भाड्याने घेतला. तो आता विरारला राहतो. किराणा चालणार नव्हताच. वरच्या मजल्यांवरच्या नव्या लोकांचं सामान फोनवरून येतं. भाडं महिना ७२ हजार, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, दर वेळी दहा टक्के वाढ. त्याला मी वाईट म्हणणार नाही. सात वर्षं धंद्यावाचून काढली त्याने, आणि जो भाव चाललाय तोच तो घेतो. झेरॉक्सवाल्याचं भाडं याहून जास्त आहे.

त्या शनिवारी मावशींनी विचारलं, ‘तुम्ही हिशोबातले ना? मग मला सांगा, रांग वाढतेय नि माझ्या हातात का राहत नाही?’ मी त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर मांडलं. दिवसाला सरासरी १२० थाळ्या. वाणसामान, मासळी, भाजी वजा केली तर थाळीमागे सरासरी ६५ रुपये सुटतात. महिन्याचे २४ दिवस. भाडं रोजचं तीन हजार, म्हणजे ४६ थाळ्या. कामाला चार बायका, पंधरा हजार प्रत्येकी, म्हणजे ३८ थाळ्या. गॅस, वीज, पाणी, टेम्पो, १९ थाळ्या. उरल्या सतरा.

मावशींनी वही स्वतःकडे फिरवून घेतली. चार बायकांचा मिळून पगार साठ हजार आणि गाळ्याचा एकट्याचा बहात्तर, हे त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचलं. त्या बायका नालासोपारा आणि दिव्याहून येतात, पहाटे पाचच्या गाडीने. मावशी म्हणाल्या, ‘म्हणजे गाळा कांदा पण चिरत नाही नि ह्यांच्यापेक्षा जास्त नेतो.’ भाकरी थापणारी बाई हसली. मग मावशी म्हणाल्या, ‘समोर नवीन ऑफिस उघडलं की गिऱ्हाईक वाढणार म्हणून बरं वाटतं. नि अ‍ॅग्रीमेंट आठवून पोटात गोळा येतो.’

हे वाक्य मी अकराव्या मजल्यावर घेऊन गेलो आणि आठवडाभर डोक्यातून जाईना. लोअर परळ वाढलं, हे खोटं नाही. बाबांच्या वेळी इथे गिरण्यांचे भोंगे होते, आज नुसत्या आमच्या आवारात किती कंपन्या आहेत ते वॉचमनला विचारावं लागतं. मावशींचा धंदाही सासूबाईंच्या धंद्याच्या दुपटीहून मोठा आहे. वाढ झाली ती झालीच. पण तिचा वाटा मोजला जातो तो कागदावरच्या शब्दाने.

गिरण्यांच्या जमिनींचंही तेच झालं. गिरणगावात गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत असं होतं की गिरणीची जमीन विकासाला काढली तर ढोबळमानाने तीन वाटे करायचे. एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटे करायचे ते फक्त मोकळ्या जमिनीचे. ज्यावर गिरणीच्या शेड उभ्या होत्या ती जमीन हिशोबात धरायचीच नाही. आता गिरणी म्हणजे बहुतेक शेडच. मोकळी जागा म्हणजे गेटजवळचं आवार, एखादं तळं आणि सायकल लावायची जागा. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शहराच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. उच्च न्यायालयाच्या निकालाआधीच, २००५ साली, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने इथल्या पाच गिरण्या लिलावात काढल्या. एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलचे ७०२ कोटी आले. किराणावाल्याच्या पावतीवर ‘दुकान’, नियमात ‘मोकळी’. एकेक शब्द.

आणि ज्यांच्याकडे पावतीच नव्हती ते? बाबांकडे गावकऱ्यांच्या खोलीत एक ट्रंक ठेवण्यापुरती जागा होती, नाव कशावरच नव्हतं. त्यांच्याकडे आहे तो गिरणीचा बिल्ला, फंडाची एक चिठ्ठी आणि घरासाठी भरलेला अर्ज. गिरणी कामगारांचे असे पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले. सोडती निघाल्या २०१२, २०१६ आणि २०२० मध्ये, सगळी मिळून घरं सोळा हजारांच्याही आत. शेवटच्या सोडतीत वडाळा-लोअर परळच्या गिरण्यांच्या जागेवरची २२५ चौरस फुटांची घरं होती, साडेनऊ लाखांना, आणि ज्याला लागलं त्याचं कल्याण झालं, यात शंका नाही. आमचं लागलं नाही. आता शेलू-वांगणीला घरं देण्याची योजना आहे. आम्ही बदलापूरला राहतो. वांगणी आमच्या पुढचं स्टेशन, शेलू त्याच्याही पुढचं. बाबा म्हणाले, ‘गिरणीपासून अजून लांब? मी काय गाडीतच राहू?’

उलटं उदाहरणही सांगायला हवं, नाहीतर मावशी रागावतील. त्यांची नणंद वरळीच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत आयुष्य काढलेली. तिथल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या, पाचशे चौरस फुटांचं घर, फुकट. नणंदेचा नंबर त्यात नव्हता, पण पुढच्या टॉवरमध्ये आहे असं ती सगळ्यांना सांगते. मावशींना तिचा हेवा वाटतो का, विचारलं तर म्हणाल्या, ‘घराचा नाही. गाळा मागितला असता तर तिलाही नसता मिळाला.’

मावशी स्वतःही काही गरीब बिचाऱ्या नाहीत, हे स्पष्ट लिहितो. चौदाव्या मजल्यावरच्या त्या तीनशे फुटांची किंमत मी बदलापूरला जन्मभर राबून जमवू शकणार नाही. मुलगा म्हणतो विकूया, दोन बेडरूमचं घेऊ कल्याणला, उरलेले बँकेत टाकू, तुझं हे रांधणं थांबव. मावशी म्हणतात, इथून गेले तर मी कोण? हे त्या दुःखाने वगैरे म्हणत नाहीत. तिखल्याला मीठ टाकता टाकता म्हणतात.

सेवेबद्दल एक राहिलंच. २०१८ च्या जुलैत डिलाईल पूल धोकादायक म्हणून बंद झाला तो पुरता सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. पूल म्हणजे आमचा जेवायला यायचा रस्ता. पाऊण तासाच्या सुट्टीत वळसा परवडत नाही. तेव्हा मावशी भाचीकडून डबे पाठवायच्या, वीस-बावीस, आणि त्यात लॉकडाऊनही आला. त्या पाच वर्षांत अ‍ॅग्रीमेंटची वाढ थांबली होती का, असं मी विचारलं. ‘एकच वर्ष,’ त्या म्हणाल्या. डबा अजूनही मिळतो, पण आदल्या रात्री नऊच्या आत सांगावं लागतं आणि तिखलं डब्यात देत नाहीत. रस्सा सांडतो म्हणतात. मला वाटतं, त्यांना ते कोणी थंड खाल्लेलं आवडत नाही.

बाबांना एकदा घेऊन गेलो. माझ्या ऑफिसच्या इमारतीत यायला ते तयार नाहीत. खालून वर बघतात आणि ‘चिमणी कुठे होती रे?’ असं विचारून परत फिरतात. खानावळीत मात्र आले. बाकावर बसले, ताट थोडं स्वतःकडे ओढलं, भाकरीच्या खळग्याकडे बघितलं आणि मावशींना विचारलं, ‘मेंबर घेता काय?’

‘आता मेंबर नाहीत हो काका. गिऱ्हाईक आहे.’

बाबांनी जादा भात घेतला. वीस रुपये ऐकून माझ्याकडे बघितलं, बोलले काही नाही. बांगड्याचं डोकं आधी खाल्लं. त्यांच्या मते तिरफळं दोन कमी होती, आणि ते त्यांनी मावशींना जाताना सांगितलं. पुढच्या बुधवारी खरंच जास्त होती.

पाचपैकी चार. अर्धा बटाट्याला कापला, अर्धा सोलकढीला. एकट्याने जायला उत्तम, दोघांनी ठीक. ऑफिसची पार्टी घेऊन जाऊ नका, जागा नाही आणि फोटो काढलेले त्यांना आवडत नाहीत. सुट्टे द्या. रविवारी बंद.

आणि आत बसलात तर उजवीकडे फडताळावर स्टीलच्या ताटांची चळत दिसेल. माझ्या हिशोबानंतर मावशींनी रोज सकाळी तिथे मोजून ४६ ताटं लावायला सुरुवात केली आहे. बाकीची खाली, टबात. बुधवारी साधारण पाऊण वाजता चळत संपते. मग भाकरीवाली बाई आतून ओरडते, ‘मावशे, झालं गं भाडं!’ आणि चौघी हसतात. तुम्ही तेव्हा रांगेत असाल तर तिखलं विचारू नका. संपलेलं असतं.